साडी गार्ड काढण्याआधी

नवी मोटारसायकल दारात उभी राहिली की तिच्यावरून बहुतेक वेळा सर्वांत आधी उतरते ते साडी गार्ड. मागच्या चाकाशेजारची ती जाळी तरुण मालकाला गाडीच्या देखणेपणातली खोट वाटते. दोन-तीन बोल्ट सैल केले की ती निघते आणि माळ्यावर जाऊन पडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मात्र वेगळे सांगतो. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा. आपल्याकडे मागे बसणारी बाई अनेकदा एकाच बाजूला पाय सोडून बसते, तिचा पदर किंवा ओढणी वाऱ्यावर असते आणि फिरत्या चाकात कापड गेले की ते माणसालाही ओढून नेते. म्हणून ही जाळी आहे. हौसेने गाडी बदलणाऱ्याने तिच्यावरची प्रत्येक वस्तू अशी तपासावी: ही इथे कशासाठी बसवली, आणि काढली तर तिचे काम कोण करणार? एकटा तरुण गाडी वापरत असेल आणि मागे कोणी बसणारच नसेल, तरी उद्या आई बसणार आहे की नाही, हा विचार पाना हातात घेण्याआधी व्हायला हवा.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. मोटारसायकल स्वतःच्या हाताने सांभाळणे, जुनी गाडी पुन्हा उभी करणे आणि आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात बदल करणे हा मोलाचा छंद आहे, आणि समाजाने त्याला जागा द्यायला हवी. पण बदल करण्याचा अधिकार देखभालीतून येतो. ज्याने साखळी कधी साफ केली नाही, त्याने सायलेन्सर बदलू नये. जाणकार बदल आणि बेफिकीर बदल यांतला हा फरक कायद्यालाही ओळखता यायला हवा, आणि आज तो ओळखला जात नाही.

छंद म्हणून याची मुळे जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापून, नको ते काढून त्या हलक्या केल्या. लंडनमध्ये पन्नास-साठच्या दशकांत एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली घेऊन, एकट्याची सीट लावून ‘कॅफे रेसर’ जन्माला घातली. आपल्याकडे वाट थोडी निराळी होती. इथे गाड्या मोजक्या, सुटे भाग महाग आणि मिळाले तर मिळाले, अशी स्थिती. त्यामुळे आपला छंद दुरुस्तीतून वाढला, आणि मला तर हीच त्याची खरी ताकद वाटते.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे जावा आणि येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या भारतात बनवायला सुरुवात केली, पुढे येझदी हे नाव रूढ झाले, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. कंपनी बंद म्हणजे सुट्या भागांचा पुरवठा बंद, सर्व्हिस सेंटर बंद. हिशेबाने या गाड्या पाच-सात वर्षांत भंगारात जायला हव्या होत्या. तसे झाले नाही. किक आणि गिअर यांचा दांडा एकच असलेल्या त्या टू-स्ट्रोक गाड्या मालकांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी चालत्या ठेवल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात, नाना पेठेत, दिल्लीच्या करोल बागेत सुटे भाग शोधले गेले. जे मिळेनात ते लहान कारखान्यांतून बनवून घेतले गेले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे मालक जावा-येझदी दिवसासाठी एकत्र येऊ लागले. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीने बाजारात परत आणली, तेव्हा तिला नावाची ओळख करून द्यावी लागली नाही. बावीस वर्षे ती ओळख हौशी माणसांनी राखली होती. ‘पोरांचा फुकटचा उद्योग’ म्हणून या छंदाकडे पाहणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

देखभाल माणसाला काय शिकवते, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या बीडाच्या इंजिनाच्या बुलेटचे टॅपेट सेट करायचे असतील तर इंजिन पूर्ण थंड लागते. प्लग काढायचा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर येईल असे इंजिन हाताने फिरवायचे, उजवीकडचे छोटे झाकण उघडायचे आणि आतला पुशरॉड दोन बोटांत धरायचा. तो बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. फार घट्ट ठेवला तर व्हॉल्व्ह आपल्या जागी पूर्ण बसत नाही, गरम वायू फटीतून जात राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सैल ठेवला तर टकटक आवाज येतो आणि ताकद कमी होते. हे माप बोटांना कळावे लागते. एकदा ते कळले की माणूस इंजिनाचा आवाज वेगळ्या कानाने ऐकू लागतो, आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीने ‘टॅपेट वाजतायत’ म्हटले की त्याला काय म्हणायचे आहे ते उमजते.

साखळीचे उदाहरण याहून साधे आहे आणि आजच्या कुठल्याही गाडीला लागू पडते. साखळी थोडी सैल का ठेवतात? नवख्याला वाटते, ताणून बसवली तर बरी. पण मागचे चाक एका दांड्यावर वर-खाली हलते. गाडीवर वजन आले, खड्डा आला की चाक वर सरकते आणि गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपासून चाकाच्या आसापर्यंतचे अंतर वाढते. स्प्रॉकेट, त्या दांड्याचा खिळा आणि चाकाचा आस एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर ताठ दिसणारी साखळी दोन माणसे बसल्यावर गिअरबॉक्सचे बेअरिंग ओढू लागते, आणि ते बेअरिंग बदलायचे म्हणजे इंजिन उघडायचे. म्हणून किती मिलिमीटर ढील ठेवायची हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. हे एकदा समजले की मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब लावून गाडी उंच करणाऱ्याला आपण साखळीचे गणितही बदलतो आहोत याचे भान राहते. देखभाल येणाऱ्या माणसाला बदलाचे परिणाम दोन पावले पुढचे दिसतात, ते असे.

आता सायलेन्सर. या छंदाची सर्वांत जास्त बदनामी त्यानेच केली आहे, आणि अज्ञानही इथेच सर्वांत जास्त आहे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून पुढे जाते, नळीच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा आत ढकलते. नळीची लांबी आणि फुगवटा त्या लाटेच्या वेळेशी जुळवलेला असतो. तो कापला, छेद पाडले की लाट बिघडते आणि कमी वेगात गाडी ओढेनाशी होते. मग आतली जाळी काढल्यावर गाडी हलकी पळते, असे अनेक जण छातीठोक का सांगतात? कारण बऱ्याचदा आधीची जाळी टू-स्ट्रोक ऑइलच्या काजळीने बुजलेली असते. ती काढून साफ करून परत बसवली असती तरी गाडी तितकीच मोकळी झाली असती, आणि शेजाऱ्यांची झोपही मोडली नसती. देखभाल चुकवली आणि त्याला सुधारणा म्हटले, असा हा प्रकार आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून पोकळ नळी लावणारा माणूस मिश्रणाचे माप बिघडवतो, हवेत विष सोडतो आणि मिळवतो फक्त आवाज.

आवाजाचा त्रास हा या छंदावरचा पहिला आक्षेप, आणि तो शंभर टक्के रास्त आहे. मोटारसायकलच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीच्या गाड्यांसाठी ती ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या गाड्यांसाठी ८० डेसिबल अशी आहे, आणि आवाज कंपनीत चाचणीवेळी मोजला जातो. डेसिबलचे माप फसवे असते. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. रात्री गल्लीतून फटफट करत जाणारी गाडी आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला, परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीला किती त्रास देते, हे सांगायला पुरावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडतात, ते योग्यच करतात. आवाज वाढवणे हा या छंदाचा भाग नाही, आणि हे हौशी माणसांनीच सर्वांत मोठ्याने सांगायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. कंपनीतल्या शेकडो इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन जी गाडी बनवली, तिच्यात बदल करणारे तुम्ही कोण? या आक्षेपात तथ्य आहे. हेडलाइटचा रिफ्लेक्टर हॅलोजन दिव्याची तार नेमकी कुठे असेल हे धरून घडवलेला असतो. त्याच जागी बाजारातला एलईडी बल्ब ठोकला की प्रकाशाचा उगमबिंदू सरकतो, झोत विस्कटतो, स्वतःला रस्ता नीट दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावर टेकणारा रबराचा आकार बदलतो. हँडल उंच केले पण केबल जुन्याच ठेवल्या, तर हँडल पूर्ण वळवताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आणि गर्दीत यू-टर्न घेताना इंजिन आपोआप रेस होते. या चुका जीवघेण्या आहेत आणि रोज होतात.

तरीही या आक्षेपाचे उत्तर देता येते. कंपनी गाडी बनवते ती सरासरी माणसासाठी: सरासरी उंची, सरासरी वजन आणि ग्राहकाला परवडेल अशी किंमत. पाच फूट उंचीच्या बाईला सीट कमी उंचीची हवी असते, लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला सामानाचे भक्कम स्टँड हवे असते, पाठदुखीच्या माणसाला हँडल थोडे जवळ हवे असते. सरासरीबाहेर राहिलेल्या माणसासाठी गाडी बदलणे ही गरज आहे. आपल्या देशात याचे सर्वांत मोठे उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते, आणि मॉडिफिकेशनच्या चर्चेत त्याचा कोणी उल्लेखही करत नाही, याचे मला वाईट वाटते. पोलिओने पाय अधू झालेल्या किंवा अपघातात पाय गमावलेल्या माणसांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून देण्याचे काम गावोगावच्या मिस्त्रींनी अनेक वर्षे केले आहे. त्या दोन चाकांनी माणसे नोकरीला गेली, दुकाने चालवू लागली, मुलांना शाळेत सोडू लागली. मोटार वाहन कायद्याने ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणून अशा बदलाला रीतसर जागाही दिली आहे. म्हणजे बदल हा मुळात गुन्हा नाही, हे कायद्यालाही मान्य आहे.

तिसरा आक्षेप नव्या गाड्यांबद्दलचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आणि सेन्सर आले. आता घरी काय दुरुस्त करणार? माझ्या मते इथे लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. ब्रेक पॅड, साखळी, टायरमधली हवा, ऑइल, एअर फिल्टर, केबल, बॅटरीचे टर्मिनल, नट-बोल्टचा आवळ हे सारे पूर्वी होते तसेच आहे. अपघात आणि बिघाड यांतला मोठा वाटा याच साध्या गोष्टींच्या दुर्लक्षाचा असतो. सेन्सरमधला बिघाड वाचायला स्कॅनर लागतो, तोही आता सामान्य गॅरेजवाल्याच्या आवाक्यात आला आहे. खरी अडचण माहितीची आहे. सर्व्हिस मॅन्युअल, बिघाडांचे कोड, अस्सल सुटे भाग हे कंपनीच्या कुलपात राहतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन उद्योगही धरला. ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले तिची दुरुस्ती कशी करायची हे कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि हौशी मोटारसायकलवाल्यांनी या हक्काचा पाठपुरावा नेटाने करायला हवा.

मोठमोठ्या कस्टम कार्यशाळांबद्दल इथे फार लिहीत नाही. जयपूरच्या राजपुताना कस्टम्ससारख्या कार्यशाळांचे काम कलाकुसरीचे आहे, त्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण सामान्य मालकाचा छंद तो नव्हे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जुन्या, अस्सल अवस्थेतल्या गाडीची फ्रेम कापून तिची ‘बॉबर’, म्हणजे नको ते काढून हलकी केलेली गाडी, करू नये. राजदूत ३५० किंवा आरएक्स १०० आता नव्याने बनत नाहीत. शाबूत फ्रेम, मूळ टाकी, नंबर जुळणारे इंजिन असलेली गाडी कापली की ती कायमची गेली. कापायची हौस असेल तर आधीच अपघातात मोडलेली, भागांची सरमिसळ झालेली गाडी घ्यावी. सरकारनेही २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास नोंदणीची सोय केली, आणि त्यात अट घातली ती हीच की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळाच. रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा तर आरटीओची वाट आधी धरावी लागते. हे सारे वाचून प्रामाणिक माणूस घाबरतो आणि बेफिकीर माणूस काहीही वाचत नाही. व्यवहारात परिणाम असा होतो की कर्कश सायलेन्सर लावणारा आणि उत्तम दर्जाचे ब्रेक बसवणारा एकाच रांगेत उभे राहतात. सुरक्षा वाढवणाऱ्यालाही दंडाची भीती आणि कमी करणाऱ्यालाही तीच, मग सुरक्षा वाढवण्यासाठी कोणी खर्च कशाला करेल?

पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधली वाट जगात रुळलेली आहे. जर्मनीत बाजारात विकल्या जाणाऱ्या हँडल, ब्रेक लिव्हर, सायलेन्सर अशा अनेक भागांना मान्यतेचे प्रमाणपत्र असते आणि तो कागद गाडीबरोबर ठेवला की पुरते. तसा कागद नसेल तर गाडी ‘ट्यूफ’सारख्या तपासणी संस्थेकडे न्यायची, तपासनीस बदल पाहतो, चालवून बघतो आणि मग तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदला जातो. नोंद नसलेला बदल सापडला तर कारवाई कडक. या पद्धतीत हौशी माणसाला रस्ता मिळतो आणि पोलिसाला रस्त्यावर उभ्या उभ्या न्यायाधीश व्हावे लागत नाही. कागद आहे की नाही एवढेच बघायचे.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे हे जमणार नाही, खोटी प्रमाणपत्रे निघतील. पीयूसीच्या बाबतीत काय होते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ही शंका उगाच नाही. पण सुरुवात प्रत्येक गाडीच्या तपासणीपासून करण्याची गरज नाही. ती सुट्या भागांपासून करता येईल: सायलेन्सर, हेडलाइट, हँडल, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सामानाचे स्टँड, क्रॅश गार्ड. भाग एकदा प्रयोगशाळेत तपासला जावा, त्यावर पुसता न येणारा क्रमांक कोरला जावा आणि कोणत्या मॉडेलला तो चालतो याची यादी सर्वांना पाहता यावी. यादीतला भाग लावला तर दंड नाही, यादीबाहेरचा कर्कश सायलेन्सर लावला तर मालकाबरोबर विकणाऱ्या दुकानदारावरही कारवाई, असा नियम झाला तर बाजारच बदलेल. आज दुकानात तो सायलेन्सर उघडपणे टांगलेला असतो आणि दंड मात्र विकत घेणाऱ्या पोराला होतो.

हौशी मालकांना तोवर करता येण्यासारखे पुष्कळ आहे. गाडीबरोबर मिळालेले मॅन्युअल काढून एकदा शेवटपर्यंत वाचा. साखळीची ढील, टायरची हवा आणि ब्रेक पॅडची जाडी महिन्यातून एकदा स्वतः तपासा. ओ-रिंगची साखळी पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होते. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. आणि क्लब असतील तर त्यांनी आपल्या मेळाव्यात कर्कश गाडीला प्रवेश नाही, असा नियम आधी स्वतःच करावा. नियम मागायला सरकारच्या दारात जाताना हे पाठीशी असणे गरजेचे आहे. वाहनांची चाचणी घेऊन मान्यता देणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, अशाच चाचण्या घेणारी सीआयआरटीसुद्धा पुण्यातच भोसरीला आहे, आणि दुचाकींचे शहर म्हणून पुण्याची ओळख आहे ती वेगळीच. तपासलेल्या सुट्या भागांची पहिली यादी परिवहन खात्याने इथूनच तयार करायला घ्यावी, आणि त्यासाठीचे पहिले निवेदन मोटारसायकल क्लबांनी द्यावे.